गोल कड सुलटी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मला गॅसची भीती वाटते, लिफ्टची वाटते, अवेळी दाराची बेल वाजली तर वाटते आणि वाजायची ती वाजली नाही तर जास्तच वाटते. आमचे हे मला भागूबाई म्हणतात. भित्री भागूबाई. आता शेजारपाजारचेही तेच म्हणतात, आणि कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका दारातूनच ओरडतात, ‘भागूबाई, झाला का ब्लाउज?’ मला त्याचं काही वाटत नाही. घरात एकाने तरी घाबरायला हवं, नाहीतर रात्री कडी कोण बघणार? यांची प्रवासी व्हॅन आहे, आणि व्हॅन चालवताना फोन वाजला तर काय, या भीतीने मी यांना माझ्या गळ्याची शपथ घालून ठेवली होती: गाडी सुरू करायच्या आधी फोन बंद करायचा आणि समोरच्या कप्प्यात टाकायचा. ती शपथ ते पाळत. उभ्या संसारात माझं ऐकलेली तेवढी एकच गोष्ट.

आमची वस्ती डोंगराच्या माथ्यावर, बाजार आणि दवाखाना तळाशी. मधे रस्ता म्हणजे नुसती वळणं. हे सकाळी वरची माणसं भरून खाली नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. मागच्या हिवाळ्यात यांचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण पहिल्यासारखा झाला नाही, वरच्या फळीवरचा डबासुद्धा त्या हाताने निघत नाही. तरी व्हॅन चालत होती, कारण तिला पॉवर स्टिअरिंग आहे. भरलेली गाडी दोन बोटांनी वळते. आणि मग त्या स्टिअरिंगचा पंपच गेला.

हा पंप म्हणजे दोन मुठींएवढं लोखंडी भांडं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतं आणि तेल दाबून पुढे ढकलतं, त्या दाबामुळे माणसाला जोर लावावा लागत नाही. तो गेला की स्टिअरिंग दगड होतं. यांनी गाडी तशीच दोन फेऱ्या ओढली आणि दुसऱ्या फेरीनंतर मला यांचा शर्ट काढून द्यावा लागला, इतका खांदा सुजला होता. आमची व्हॅन एवढी जुनी की नवा पंप तिच्यासाठी बनतच नाही. तेव्हा माझे सासरे म्हणाले, ‘भंगारात बघू.’

सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. सगळा जन्म गाड्यांच्या कारखान्यात काढला त्यांनी. आता हात थरथरतात, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तोरा तसाच. भंगारवाल्याकडे जाताना मला बरोबर घेतलं ते डोळे म्हणून. भंगारवाल्याने पत्र्याचा एक डबा समोर ठेवला. आत पंप होता, पण सगळा खोललेला, सुटा.

‘गंज बसू नये म्हणून खोलून तेलात ठेवला,’ तो म्हणाला. ‘आतून नवा कोरा आहे.’

मी विचारलं, ‘ज्या गाडीतून काढला तिचं काय झालं होतं?’

‘ती पलीकडे पडलीय.’

‘पडलीय म्हणजे? कशी पडली? चालवणारा कुठाय?’

‘बाई, पंप घ्यायला आलात की स्थळ बघायला?’

मिस्त्री खो खो हसले. मी मात्र मागे जाऊन बघून आले. आमच्यासारखीच व्हॅन होती, रंगसुद्धा जवळपास तोच. पुढचा भाग पार आत गेलेला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार नव्हतंच. घरी येईपर्यंत तो डबा मी मांडीवर घेतला नाही, पायाशी ठेवला.

पंप जोडायचं काम माझ्या कापायच्या टेबलावर झालं. घरात तेवढीच एक मोठी, सपाट, उजेडातली जागा. कात्री, खडू, टेप बाजूला केले आणि जुनी चादर अंथरली. मिस्त्रींनी पहिला सुटा भाग उचलला तर तो त्यांच्या बोटांत नाचायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला. परत उचलला, परत ठेवला. यांचे हात चांगले आहेत, पण हे म्हणजे झाकण उघडलं नाही की डबाच फोडणारे. शेवटी मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सूनबाई, मी सांगतो, तू कर.’

‘मी? बाबा, मला नाही जमायचं. काही चुकलं तर?’

‘बटणाला काज करतेस ना? त्याहून सोपं आहे.’

‘काज चुकलं तर पोट दिसतं. हे चुकलं तर काय दिसेल?’

‘दिसेल ते दिसेल. धर ते.’

मग आम्ही बसलो. सगळे भाग पेट्रोलात धुतले. पुसायला मी सुती चिंधी घेतली तर मिस्त्री ओरडले, धागा सुटतो, एक धागा आत अडकला तर बोंबाबोंब. मी अस्तराच्या कापडाचे तुकडे काढून दिले, त्याचा धागा सुटत नाही. ते खूश झाले. नव्या रबरी कड्यांना तेल लावून त्या खाचांत बसवल्या. मधला दांडा घातला. दांड्यावर फिरकी बसवली, फिरकीला भोवताली उभ्या फटी होत्या. फिरकीभोवती एक जाड कडं आलं. ते कडं आतून पुरतं गोल नसतं, किंचित लांबट असतं. आता त्या फटींत पोलादाची छोटी पाती सरकवायची. फिरकी फिरली की पाती बाहेर फेकली जातात, कड्याच्या आतल्या अंगाला घासत जातात आणि तेल पुढे लोटतात. सगळा पंप म्हणजे ही पाती.

मी एक पातं नखावर घेतलं. एक कड सपाट, धारदार. दुसरी जराशी गोलसर, इतकी जराशी की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

‘बाबा, यांना दोन बाजू आहेत.’

‘असणारच. गोल कड सुलटी.’

‘गोल कड सुलटी. म्हणजे…’

‘अगं, आता सुलट-उलट मी तुला शिकवू? शिलाईवाली ना तू?’

त्यांनी असं म्हटल्यावर पुढे विचारायची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. सुलट बाजू कुठे ठेवायची हे माझ्या हातांना माहीत आहे. हात चालू लागले. एकेक पातं फटीत सरकलं, अलगद, कुठेही न अडकता. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, पण त्यांना काय दिसणार? त्यांनी दांड्याला थरथरतं बोट लावून फिरकी फिरवली. गुळगुळीत फिरली.

‘वा,’ ते म्हणाले. ‘माझ्या हाताखाली इतकी माणसं शिकली, पण हा हात एकालाही नव्हता.’

मी फुशारले. भागूबाई फुशारली की समजावं, आता काहीतरी होणार.

त्यानंतर वरचं झाकण. खाली स्प्रिंग, त्यामुळे ते दाबून धरायचं आणि वरून तारेची एक कडी खाचेत बसवायची. ती उडाली तर डोळा जातो, असं मिस्त्रींनी सहज सांगितलं, म्हणून मी ओढणी तोंडाभोवती गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून काम केलं. हे दारात उभे राहून हसत होते. ‘अगं, जो जायचा तोच उघडा ठेवलायस.’ कडी टक्‌ करून बसली. मला घाम फुटला होता, पण पंप झाला होता.

दुसऱ्या दिवशी हे व्हॅनखाली शिरले, मिस्त्री खुर्ची टाकून बसले आणि दोघे एकमेकांवर ओरडत राहिले. पंप जागेवर बसला, बोल्ट आवळले, पट्टा चढला, नळ्या जोडल्या, तेल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे, असं कितीतरी वेळा फिरवलं, आतली हवा निघावी म्हणून. इंजिन सुरू केल्यावर पंप जो रडायला लागला, मी दोन पावलं मागे झाले.

‘हवा आहे,’ मिस्त्री म्हणाले. ‘निघेल.’

आणि निघालीही. तेलावरचे बुडबुडे कमी झाले, रडणं थांबलं, यांनी एका बोटाने चाक फिरवून दाखवलं. पण त्या रडण्याच्या खाली दुसरा एक आवाज होता, तो राहिलाच. बारीक, घाईघाईचा, किरकिर किरकिर.

‘अहो, काहीतरी वाजतंय.’

‘इंजिन आहे ते, भागूबाई. वाजतं.’

‘तसं नाही. मशीनची सुई उलटी बसवली की असं वाजतं. टाके पडतात, पण मशीन कुरकुरतं.’

‘बाबा, ही म्हणतेय पंपात सुई राहिली.’

दोघे हसले. मिस्त्रींनी कान दिला आणि म्हणाले, ‘नवं-जुनं अंगवळणी पडतंय, दोन दिवस लागतील.’ मी आणखी काय बोलणार? त्याच आठवड्यात मी पंख्याचा आवाज ऐकून सगळ्यांना खोलीबाहेर काढलं होतं, आणि पंख्यात अडकलं होतं एक पीस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठी तर त्याची अख्खी बिऱ्हाडं आहेत.

सकाळी हे निघाले. फोन बंद करून मला दाखवला आणि कप्प्यात टाकला. पहिल्या फेरीचा बराच वेळ वरच्या रस्त्यावर फिरून माणसं गोळा करण्यात जातो: आधी शाळा, मग लाकडाची वखार, मग पाण्याची टाकी. नंतर उतार सुरू.

मी मशीनवर बसले. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर शिवायची होती. कॉलरचे दोन तुकडे घेतले, सुलटीवर सुलट ठेवली, कडा जुळवल्या आणि शिवून काढली. आता ती उलटवायची आणि टोकं बाहेर काढायची. शिवणकामात सगळं असंच असतं. जोडताना सुलट बाजू नेहमी आत. बाहेर दिसते ती उलट. नंतर उलटवलं की सुलट बाहेर येते. लहानपणी आईने हातावर पट्टी मारून शिकवलंय, सुलट आत, सुलट आत.

कॉलरचं टोक बोटावर तसंच राहिलं.

पाती कोणी उलटवणार नव्हतं. ती आत गेली ती तशीच राहिली.

मी उठले तेव्हा खुर्ची पडली. मिस्त्री ओट्याशी बसून चहा पीत होते. ते कप दोन्ही हातांनी धरतात.

‘बाबा, गोल कड सुलटी म्हणजे कुठे? आत की बाहेर?’

‘कुठली गोल कड?’

‘पात्यांची! गोल कड कुठे असते?’

‘बाहेर. कड्याला घासते ती गोल. नाहीतर धार खाईल ना कड्याला. का?’

‘मी आत ठेवली,’ मी म्हणाले. ‘आम्ही सुलट आत ठेवतो, बाबा. जोडताना आम्ही सुलट आतच ठेवतो.’

त्यांनी कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे, अर्धा ओट्यावर ठेवला आणि तो पडला. इतक्या वर्षांत या माणसाच्या चेहऱ्यावर मी राग पाहिला होता, थट्टा पाहिली होती, सासूबाई गेल्या तेव्हा दुःख पाहिलं होतं. भीती नव्हती पाहिली. ती माझ्या ओळखीची, म्हणून लगेच ओळखली. ते घाबरले म्हणजे घाबरण्यासारखंच होतं.

‘सगळी?’ त्यांनी विचारलं.

‘सगळी.’

‘धारेने कडं खरवडलं जाईल. त्याचा कीस तेलात. कीस अडकला की दाब जातो. मधेच येईल, मधेच जाईल.’ ते मला सांगत नव्हते, स्वतःशी बोलत होते. ‘एकदम दगड झालं असतं तर बरं, तो तिथेच थांबला असता. हे हातात लोण्यासारखं फिरता फिरता वळणावर दगड होईल. आणि त्याचा खांदा…’

मी फोन लावला. ज्या क्रमांकावर संपर्क करू इच्छिता तो बंद आहे. परत लावला. बंद आहे. माझीच शपथ, माझाच गळा. मी फोनवर ओरडले, ‘अहो, मोडा ना एकदा माझी शपथ!’ त्या बाईने तेच वाक्य परत ऐकवलं.

‘कोपराच्या आधी गाठ त्याला,’ मिस्त्री म्हणाले. ‘वरची वळणं मोठी आहेत, ओढून नेईल. कोपरावर…’ उताराच्या मध्यावर रस्ता माणसाचं कोपर दुमडावं तसा दुमडतो, आणि बाहेरच्या बाजूला काही नाही. नुसती हवा. व्हॅनमधून जाताना तिथे मी दर वेळी डोळे मिटते.

‘कशी गाठू? मला सायकलसुद्धा येत नाही!’

‘नळाची वाट.’

वस्तीला पाणी पुरवणारा मोठा नळ डोंगरावरून सरळ खाली गेला आहे आणि त्याच्या कडेने लोखंडी पायऱ्या आहेत. नळ दुरुस्त करणारी माणसं जातात तिथून. शिडी जरा आडवी केली की होईल तशी ती वाट, आणि कठडा एकाच बाजूला. आठ पावलांवर घर असून मी कधी तिच्या तोंडाशीही उभी राहिले नव्हते.

चप्पल काढली आणि उतरले. कशी उतरले विचारू नका. पहिल्यांदा पाठमोरी, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी चाचपत. मग वर कुठेतरी गाडीचा आवाज ऐकू आला आणि मी वळले, तोंड पुढे करून पळायला लागले. पायऱ्या हलत होत्या. त्यांच्या जाळीतून खालची झाडांची टोकं दिसत होती. जीव मुठीत धरून म्हणतात, माझ्या मुठीत कठडा होता आणि जीव कुठे होता मला माहीत नाही. तोंडाने मी काय बडबडत होते तर ‘सुलट आत, सुलट आत.’ दुसरं काही सुचतच नव्हतं.

आणि आवाज येत होता. तो पंपच होता, मी शपथेवर सांगते. कालची किरकिर आता राहिली नव्हती, आता तो हंबरत होता. वळण आलं की चढायचा, वळण संपलं की उतरायचा. मधेच एकदा पूर्ण थांबला. मी पायरीवर जागीच उभी राहिले. थांबला म्हणजे काय झालं? कुठे थांबला? काही पडल्याचा आवाज ऐकू येतोय का, म्हणून मी श्वास रोखून धरला. मग पुन्हा हंबरणं सुरू झालं आणि मला रडू फुटलं, बरं वाटून की वाईट वाटून ते त्या वेळी कळलं नाही.

शेवटच्या पायऱ्या मी घसरतच उतरले. कोपराच्या अलीकडे, रस्ता जिथे जरा सरळ आहे तिथे, बाहेर पडले. ढोपर फुटलं होतं, ओढणी वर कुठेतरी अडकून राहिली होती. वरच्या वळणावरून व्हॅनचं नाक दिसलं. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

यांनी मला पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसला, तोंड उघडं. ब्रेक किंचाळले. व्हॅन माझ्या बाजूने काढायला यांनी चाक फिरवलं, खांदे एका अंगाला गेलेले मला काचेतून दिसले, पण व्हॅन वळली नाही. सरळ माझ्यावर आली. मला बाजूला व्हायचं होतं. पाय निघाले नाहीत. मी डोळे मिटले, हे मी चांगलं करते.

गरम हवा तोंडावर आली. डोळे उघडले तेव्हा व्हॅनची जाळी माझ्या पोटाला टेकत होती, इंजिन घरघरत होतं आणि आत कुणीतरी लहान मूल रडत होतं.

मी व्हॅनच्या कडेकडेने यांच्या दारापाशी गेले. श्वास पुरत नव्हता. ‘उलटी,’ मी म्हणाले. ‘उलटी… सगळी…’

मागच्या बाकावरून दवाखान्यातल्या नर्सबाई ओरडल्या, ‘अगं बाई, भागूबाईंना उलटी होतेय! लिंबू आहे का कुणाकडे?’

‘पाती!’ मी ओरडले. ‘पाती उलटी बसलीत! उतरा सगळे! खाली उतरा!’

‘आता काय नवीन?’ कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली. मला वाटलं, आता हेही हसणार आणि म्हणणार, बस मागे, घरी जाऊन बोलू. आणि मी ठरवलं होतं की चाकापुढे आडवी पडेन.

हे हसले नाहीत. समोरच बघत होते. ओठ पांढरे झाले होते. ‘उतरा,’ ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, ‘उतरा सगळे. गाडी पुढे जाणार नाही.’ माणसं कुरकुरत उतरली आणि डोंगराच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हंबरणं थांबलं. यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

‘सोडा आता,’ मी म्हणाले.

‘सुटत नाहीत.’

मला वाटलं थट्टा करताहेत. मग बोटांकडे पाहिलं. नखं पांढरी पडली होती आणि उजवा खांदा उडत होता.

‘तुला चुकवायला गेलो,’ ते म्हणाले. ‘फिरलंच नाही. मी जोर लावला गं. फिरलंच नाही.’

‘मला माहीत आहे. मी बघितलं.’

‘टाकीच्या वळणापासून अडत होतं. तिथे थांबवलीही एकदा गाडी.’

ते थांबणं मी पायरीवर उभी राहून ऐकलं होतं. ‘मग परत का काढलीत?’ माझा आवाज चढला. ‘थांबला होतात ना? मग काढलीत कशाला?’

‘गाडीत एवढी माणसं. त्यांना काय सांगणार होतो? मला भीती वाटतेय म्हणून?’

मला इतका राग आला की त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हा माणूस भीतीची लाज वाटली म्हणून कोपराकडे निघाला होता. आयुष्यभर मी एकटी घाबरत राहिले आणि या घरातल्या शूर पुरुषांनी माझ्या जिवावर फुकट शौर्य गाजवलं. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि राग गेला. असे डोळे मी रोज आरशात बघते.

‘काय करू?’ ते म्हणाले. ‘मला सवय नाही गं याची.’

‘आधी श्वास सोडा,’ मी म्हणाले. ‘घेऊ नका, सोडा. सगळा. आता करंगळी. फक्त करंगळी उचला.’

करंगळी उचलली. मग मी त्यांची बाकीची बोटं एकेक करून सोडवली, बरणीचं घट्ट झाकण सोडवावं तशी. हाताला धरून खाली उतरवलं. आम्ही दोघं तिथेच चाकाला टेकून रस्त्यावर बसलो. माणसं बघत होती. ‘बघू देत,’ मी म्हणाले. ‘रडू आलं तर रडा. थोड्या वेळाने थंडी वाजेल, ती वाजतेच, तिला घाबरू नका.’ त्यांनी माझा हात धरला, आणि तो स्टिअरिंगसारखाच घट्ट धरला.

कमरेला खोचलेला फोन वाजला. तो तिथे खोचल्याचंही मला आठवत नव्हतं. मिस्त्री होते.

‘थांबला?’

‘थांबले, बाबा.’

‘कोपर?’

‘अलीकडेच. सगळी माणसं खाली उतरलीत.’



‘तो कसा आहे? तो… घाबरला नाही ना?’

हे माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, सांगू नकोस म्हणून. मग ती अर्ध्यात थांबली आणि त्यांनी डोळे खाली घातले.

‘घाबरलेत, बाबा,’ मी म्हणाले. ‘चांगले घाबरलेत.’

पलीकडून मोठा श्वास सुटल्याचा आवाज आला, सगळाच्या सगळा.

‘मग ठीक आहे,’ मिस्त्री म्हणाले. ‘बसा तिथेच दोघं. उठू नका एवढ्यात.’